प्रार्थना करूनही मोह का सुटत नाही?

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम नमस्कार. मी ३६ वर्षांचा असून एका कारखान्यात नोकरीला आहे. लहानपणापासून मंडळीत वाढलो आणि रविवारची उपासना सहसा चुकवत नाही. गेल्या दोन वर्षांपासून मला मोबाइलवर क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावण्याची सवय जडली आहे. घरचे झोपले की हात आपोआप फोनकडे जातो. हरल्यावर मी गुडघे टेकून रडतो, पुन्हा असे करणार नाही म्हणून प्रभूला वचन देतो आणि आठवडाभरात ते मोडतो. पत्नीला यातले काहीच ठाऊक नाही. माझी प्रार्थना खोटी आहे का? की प्रभूनेच माझ्याकडे पाठ फिरवली आहे?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय बंधू, प्रभूने तुमच्याकडे पाठ फिरवलेली नाही, हे आधी सांगतो. ज्याला देवाची चाड उरलेली नाही, तो हरल्यावर पैशांसाठी हळहळेल. मोडलेल्या वचनासाठी रडणार नाही. मोह पुन्हा पुन्हा येतो यावरूनही प्रार्थना खोटी ठरत नाही. अरण्यात ४० दिवस उपास केलेल्या येशूला सैतानाने तीनदा मोह घातला आणि तिन्ही वेळा तो हरला, तरीही शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की सैतान संधी मिळेपर्यंतच येशूला सोडून गेला. खुद्द प्रभूच्या बाबतीत जे कायमचे संपले नाही, ते आपल्या बाबतीत एका रात्रीत संपावे, अशी अपेक्षा धरून आपण स्वतःला विनाकारण निराश करून घेतो.

मात्र तुमच्या पत्रातील एका गोष्टीपाशी मी थांबलो. तुम्ही खेळता एकटे, हरता एकटे आणि प्रार्थनाही एकट्यानेच, घर झोपल्यावर करता. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आठवून पाहा. तिच्यात ‘मला परीक्षेत (म्हणजे मोहात) आणू नको’ असे नाही, ‘आम्हांला’ असे आहे. आपण ती इतक्या वेळा म्हणतो की हा शब्द आता कानांना जाणवतही नाही. गेथशेमाने बागेत प्रभूचा जीव अतिशय खिन्न झाला, तेव्हा त्याने पेत्र आणि जब्दीचे दोघे मुलगे या आपल्या शिष्यांना बरोबर नेले आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ अशी विनवणी केली. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण त्या रात्री आपल्याजवळ माणसे असावीत असे देवाच्या पुत्रालाही वाटले. मग तुम्ही आणि मी हे ओझे एकट्याने का वाहावे? बायबलमधील याकोबाच्या पत्रातही आपली पातके एकमेकांजवळ कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. गुपित राखले तोवर मोहाला आयते घर मिळते, हे मी पाळक म्हणून अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

म्हणून पत्नीला सांगा. ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणारही नाही, आणि तो तिचा हक्क आहे. त्यावर स्वतःचे समर्थन करू नका. रक्कम किती गेली, कर्ज किती आहे, हे सगळे एकदाच सांगा, कारण हप्त्याहप्त्याने दिलेली कबुली विश्वास अधिकच मोडते. पगाराच्या खात्याचा व्यवहार काही काळ तिच्या हाती द्या. खेळाचे ॲप काढून टाका आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. यात विश्वासाची उणीव आहे असे कोणी म्हणेल, तर त्यांना योसेफाची आठवण द्या. त्याचा मालक पोटीफर याच्या पत्नीने त्याला मोहात पाडण्यासाठी त्याचे वस्त्र धरले, तेव्हा तो वस्त्र तिच्या हाती सोडून बाहेर पळाला. मोहाच्या वेळी देव निभावण्याचा उपायही करतो, असे प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो. पुष्कळदा तो उपाय म्हणजे समोरचे उघडे दार असते, फक्त पायांनी चालायला हवे.

प्रार्थनेची वेळही बदला. हरल्यावर केलेली प्रार्थना पश्चात्तापाची असते आणि ती देव ऐकतो. पण अरण्यात येशूने दिलेली तिन्ही उत्तरे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील होती, म्हणजे ती वचने परीक्षेच्या आधीपासून त्याच्या अंतःकरणात होती. सकाळी कामावर निघण्यापूर्वी दोघांनी मिळून एखादे स्तोत्र वाचावे आणि त्या दिवसाच्या संध्याकाळसाठी, या मोहाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. तरीही हात थांबत नसेल, तर ते व्यसन झाले आहे असे समजून समुपदेशकाकडे जा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. उपचार घेणे आणि प्रार्थना करणे यांत मला विरोध दिसत नाही.

पुढचा सामना केव्हा आहे, हे तुम्हाला निश्चितच पाठ असेल. त्याच संध्याकाळी आपल्या पाळकांना घरी प्रार्थनेसाठी बोलवा, आणि ते येण्यापूर्वीच पत्नीशी बोललेले असा.