इंजेक्शनचं नंतर बघू, आधी लघवीची गोळी तपासा

तुमचे वडील ७६ वर्षांचे, डोनेपेझिल (डिमेन्शियावरची, म्हणजे स्मृतिभ्रंशावरची गोळी) १० मिलिग्रॅमवर नेल्यावर लघवी अनावर झाली, मग ती थांबवायला ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं, आता गोंधळ वाढलाय, कपडे घालायलाही मदत लागते. लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं नवं इंजेक्शन मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. हा क्रम फार ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही.

डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन हे आठवणीसाठी लागणारं रसायन टिकवून धरतं. ते रसायन मूत्राशयही आवळतं, म्हणून काहींना लघवीची घाई होते. ऑक्सिब्युटिनिन नेमकं त्याच रसायनाचं काम अडवतं, आणि मेंदूतही शिरतं. म्हणजे एक गोळी चढवते ते दुसरी उतरवते. आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते हेच. दोन विभागांचे केसपेपर वेगळे, एकानेही दुसऱ्याची चिठ्ठी मागितली नाही, आणि वाढलेल्या विसराळूपणावर 'वयोमानानं होतं' एवढंच उत्तर. याचा राग अजून जात नाही.

२०१९ च्या ब्रिटिश अभ्यासात डिमेन्शियाचे ५८,७६९ रुग्ण तपासले होते. मूत्राशयाच्या अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. हा फक्त संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी दोन्ही गोळ्या एकत्र चालू ठेवणं मला पटत नाही.

मनाने काहीच बंद करू नका. लघवीची तपासणी, प्रोस्टेट, बद्धकोष्ठ आधी बघून घ्या. डोनेपेझिल ५ वर आणता येईल का, किंवा ऑक्सिब्युटिनिनऐवजी मिराबेग्रॉन चालेल का, हे विचारा. ते वेगळ्या वाटेनं काम करतं, पण रक्तदाबावर लक्ष हवं. दर दोन तासांनी बाथरूमला नेणं आणि संध्याकाळनंतर चहा बंद, एवढ्यानेही फरक पडतो.

लेकानेमॅबबद्दल: १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांनी घसरण २७ टक्के कमी दिसली, पण १८ गुणांच्या मापावर तो फरक फक्त ०.४५. शिवाय ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठी आहे. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठल्याची खात्री लागते, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून घ्यावं लागतं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला वारंवार एमआरआय. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धोका आणखी. तुमच्या वर्णनावरून वडील त्या टप्प्याच्या पुढे गेलेले वाटतात. आत्ता त्यासाठी एफडी मोडू नका.

आणि हो, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, हीसुद्धा ऑक्सिब्युटिनिनच्याच जातीची. सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून चेतातज्ज्ञांच्या टेबलावर ओता. तोंडी यादीत नेमकी हीच नावं राहून जातात.