उन्हाळ्यात आईला कोणत्या देवळात न्यावे?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात राहणारी माझी आई मे महिन्यात आमच्याकडे येत आहे. तिचे वय ७२ असून गुडघे दुखतात. टेकडीच्या गणपतीची गर्दी आणि नागपूरचे ऊन तिला सोसवेल असे वाटत नाही. घटकाभर शांत बसता येईल असे देऊळ कोणते आणि तेथे कोणत्या वेळी जावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपण देवळाचे नाव विचारले आहे, परंतु पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असताना नावापेक्षा वेळेची निवड अधिक महत्त्वाची ठरते. जुन्या दगडी देवळांच्या जाड भिंती ऊन सावकाश शोषतात, त्यामुळे बाहेर अंगण पोळत असतानाही गाभाऱ्याजवळ गारवा जाणवतो. मात्र दिवसभर साठलेली तीच उष्णता सूर्यास्तानंतर बराच वेळ आत झिरपत राहते. म्हणूनच ऊन उतरल्यावर संध्याकाळी जाण्याचा आपला नेहमीचा बेत मंडपात बसू इच्छिणाऱ्याच्या फारसा सोयीचा नसतो, शिवाय आरतीची गर्दीही त्याच वेळी होते. दुपारी अनेक देवळांचे दरवाजे बंद असतात. रात्रभर निवलेला दगड पहाटे सर्वांत थंड असतो, तेव्हा सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे आणि साडेआठच्या आत घरी परतावे.

प्रतापनगराहून तेलंगखेडीचे भोसलेकालीन कल्याणेश्वर शिवमंदिर सोयीचे पडेल. जवळच फुटाळा तलाव असल्याने सकाळची हवाही सुखद असते. सोमवार तेवढा टाळावा. रिक्षावाल्याला ‘शिवमंदिर’ असे स्पष्ट सांगावे, कारण नुसते तेलंगखेडीचे देऊळ म्हटल्यास तो प्रसिद्ध हनुमान मंदिराकडे नेण्याची शक्यता अधिक. कोरीवकामाची आवड असल्यास महालातील रुक्मिणी मंदिर जरूर दाखवावे; वस्ती दाट आहे, त्यामुळे बाजार उघडण्यापूर्वीच जावे.

निव्वळ शांतता हवी असेल आणि आईंची हरकत नसेल, तर माझी पहिली पसंती कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला राहील. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने उभे राहिलेले हे बुद्धमंदिर १९९९ मध्ये खुले झाले. आत चंदनाची बुद्धमूर्ती असून प्रशस्त दालनात मौन पाळण्याचा संकेत आहे. घंटा, भोंगा, प्रसादाची रांग यांपैकी काहीच नसल्याने थकलेल्या माणसाला तेथे खरोखर विसावा मिळतो. येथे मात्र रविवार नको.

टेकडीचा गणपती पूर्णपणे वगळू नये. आई नागपुरात येऊन टेकडीला गेल्या नाहीत, हे शेजारीपाजारी आपल्याला वर्षभर ऐकवतील! मंगळवार आणि चतुर्थी सोडून पहाटे गेल्यास दर्शन सहज होते. रामटेकचा बेत मात्र हिवाळ्यावर ढकलावा.

चपला बाहेर काढल्यावर तापलेल्या फरशीवरून चालावे लागले तर जाड सुती मोजे उपयोगी पडतात. डोक्याला व कानांना दुपट्टा बांधावा, पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. आई रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर उन्हाळ्यात पाणी व मीठ किती घ्यावे हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. तिकीट अजून काढलेले नसल्यास महिन्याचा पूर्वार्ध निवडावा. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो आणि त्या दिवसांत सकाळी आठचे ऊनही चटके देते.