पहिली खिल्लार घेताना

दादा, दावणीला खिल्लार बांधायची ठरवलीत, फार आनंद वाटला. पण सुरुवातीला एकच गाभण गाय घ्या. ही जात शेतकामाच्या बैलांसाठी नावाजलेली; दुधाचा हिशेब धरून येणारे खट्टू होतात.

- वैरणीची सोय आधी, जनावर नंतर.
- सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात जाणता माणूस सोबत न्या.
- लाळ-खुरकुताची लस दर 6 महिन्यांनी.
- वासराला जन्मल्यापासून तासाभरात चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजा. वार (गर्भाची नाळ-झिल्ली) पडेपर्यंत थांबणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि ती वासराला महागात पडते.
- कोवळी ज्वारी घालू नका, विषबाधा होते.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, शिंगं पोरांनाच रंगवू द्या. शेजाऱ्याची गाय विताना अडली तर रात्रीही उठून जा. माझी पहिली गाय अशाच धावून आलेल्या माणसांमुळे वाचली. पैदाशीचं पुढच्या वर्षी बोलू.