नाव देवनागरीतच आहे, हे कसे तपासावे?

प्रश्न : सोलापुरात आमचे चादरी व टॉवेलचे दुकान असून ग्राहकांच्या नोंदींसाठी मी पायथन या संगणकभाषेत छोटा प्रोग्राम लिहिला आहे. गावाचे नाव देवनागरी अक्षरांतच भरले आहे का, हे पाहण्यासाठी मी ‘इजअल्फा’ (isalpha, मजकुरातील सर्व चिन्हे अक्षरेच आहेत का हे सांगणारी पायथनची सोय) वापरले. परंतु ‘सोलापूर’ हे नावच तो नाकारतो. असे का व्हावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या दृष्टीने ‘सो’ हे एक अक्षर असले, तरी संगणक त्यात ‘स’ आणि ओकाराची मात्रा अशी दोन चिन्हे पाहतो. ‘सोलापूर’मध्ये अशी 7 चिन्हे असून त्यांपैकी तीन मात्रा आहेत, आणि युनिकोडच्या (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीच्या) वर्गवारीत मात्रा ‘अक्षर’ ठरत नसल्याने ‘इजअल्फा’ नकार देते. म्हणून त्याचा नाद सोडावा आणि प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक ‘ऑर्ड’ने (ord) काढून तो 2304 ते 2431 या देवनागरीच्या पट्ट्यात बसतो का, हे पाहावे. या पट्ट्यात देवनागरी अंक आणि दंड (।) हे विरामचिन्हही येतात. ते नको असल्यास 2404 ते 2415 हे क्रमांक वगळावेत. दोन शब्दांमधील मोकळ्या जागेला मात्र वेगळी परवानगी द्यावी लागेल.

खरी गंमत ‘कऱ्हाड’ लिहिताना होते. काही कळफलक त्यातील अर्धा र लिहिताना 8205 क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह घालतात, जे पट्ट्याबाहेर आहे. तेही चालवून घ्यावे, अन्यथा कऱ्हाडचा ग्राहक विनाकारण अडकेल. शिवाय सर्व चिन्हे अटीत बसतात का, हे पाहणाऱ्या ‘ऑल’ने (all) तपासणी केल्यास रिकामा रकानाही बिनबोभाट पास होतो, तेव्हा लांबी आधी तपासावी.