बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय खरेदीखत नको

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यजमान गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. सोलापुरात अशोक चौकाजवळ आम्ही भाड्याने राहतो. तुळजापूर रस्त्याला, हिप्परगा तलावाच्या बाजूला 22 रो-हाउसची स्कीम निघाली आहे, त्यातलं एक घर 38 लाखांना ठरवलं. इसार म्हणून 5 लाख दिले : 3 लाख बँकेतून, 2 लाख रोख. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेल्या इसार पावतीत मात्र 3 लाखच लिहिले आहेत. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत आणि त्यांनी बिल्डरला कुलमुखत्यारपत्र दिलं आहे. बँकेच्या वकिलांनी बहिणींच्या सह्या मागितल्या, तेव्हा दोन बहिणींनी वाटणीचा दावा लावल्याचं आम्हाला कळलं. त्यांचे वडील 2009 मध्ये वारले. बिल्डर म्हणतात, ‘सातबारा कोरा आहे, बहिणींना लग्नात भरपूर दिलंय, कर्ज दुसऱ्या फायनान्सकडून करून देतो. पण दसऱ्याच्या आत रजिस्ट्री करा, नाहीतर इसार बुडेल.’ आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, आधी सरळ सांगतो. दसऱ्याच्या आत खरेदीखत करू नका. इसार बुडण्याच्या भीतीने तर अजिबात करू नका. 5 लाख अडकले आहेत म्हणून आणखी 33 लाख त्याच जागी नेऊन ठेवणं, हा त्यावरचा इलाज नाही.

‘एकदा रजिस्ट्री झाली की घर आपलं’ या समजुतीने सोलापुरात कितीतरी नोकरदार कुटुंबं अडचणीत आली आहेत. दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं. मुद्रांक पुरेसा आहे का, सही करणारा तोच माणूस आहे का, हे तिथे बघतात. विकणारा खरा मालक आहे का, याचा निवाडा तिथे होत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. तो महसुलाचा कागद आहे. त्यावरच्या नोंदी खऱ्या मानून चालायचं, पण उलट पुरावा आला की त्या टिकत नाहीत. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याने, मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. ‘सातबारा कोरा’ म्हणजे त्यावर बोजा नाही, एवढंच.

आता बहिणींचं बघू. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार ठरली. 2020 मध्ये विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही काढून टाकली. ही जमीन वडिलोपार्जित नसून वडिलांनी स्वतः घेतलेली निघाली, तरी भावांना त्याचा उपयोग नाही. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर मुलगे आणि मुली सारख्याच वारस होतात. आई आधीच वारली असेल तर या जमिनीचे पाच सारखे हिस्से, आई मागे राहिली असेल तर सहा. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटणीचा हुकूमनामा भावांकडे असेल, वडिलांचं टिकेल असं मृत्युपत्र असेल किंवा बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं असेल, तरच चित्र बदलतं. यातला एकही कागद बिल्डरने तुम्हाला दाखवलेला दिसत नाही. असता तर त्यांनी तो बँकेच्या वकिलांसमोर पहिल्याच दिवशी ठेवला असता.

लग्नात दागिने दिले, दरवर्षी भाऊबीज घातली, म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. वारस नोंद करताना तलाठ्यापुढे तिचं नाव सांगायचं राहिलं किंवा मुद्दाम गाळलं, तरीही संपत नाही. तोंडी ‘सोडलं’ म्हटल्यानेही नाही.

मग आज खरेदी केलीत तर हातात काय येईल? भाऊ त्यांच्याकडे आहे तेवढंच विकू शकतात. आई नसेल तर तिघांचे मिळून पाचांतले तीन हिस्से, आणि तेही न वाटलेले. तुमचं रो-हाउस ज्या दीड गुंठ्यावर उभं राहील, तो तुकडा वाटणीत भावांकडेच येईल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तुम्हालाही प्रतिवादी म्हणून तारखांना हजर राहावं लागेल, आणि हप्ते चालू असतील ते वेगळेच.

बिल्डरचे वकील कदाचित एक बारीक मुद्दा काढतील, तो आधीच सांगून ठेवतो. दावा चालू असताना मिळकत घेतली तर घेणाऱ्याला निकाल बांधील राहतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52 सांगतं. आपल्या राज्याच्या दुरुस्तीप्रमाणे त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असावी लागते. बहिणींनी ती नोंदवली नसेल, तर ‘मग काहीच अडचण नाही’ असं तुम्हाला ऐकवतील. ते ऐकू नका. बहिणींचा हिस्सा त्या नोटिशीवर अवलंबून नाही. शिवाय दाव्याची माहिती तुम्हाला खरेदीआधीच मिळाली आहे, तेव्हा ‘मी प्रामाणिक खरेदीदार, मला काही ठाऊक नव्हतं’ हा बचाव तुम्हाला मिळणार नाही.

बँकेचे वकील उगाच फाटे फोडतात, अशी तक्रार मी रोज ऐकतो. इथे त्यांनी तुमच्यावर उपकार केले आहेत. त्यांनी नेमकं काय मागितलं, ते बँकेकडून लेखी घ्या, पुढे फार उपयोगी पडेल. राष्ट्रीयीकृत बँक ज्या कागदांवर कर्ज देत नाही, त्याच कागदांवर दुसरा कोणी चढ्या व्याजाने द्यायला तयार असेल, तर मालकीतला दोष जात नाही, फक्त व्याज वाढतं. आणि घर हातचं गेलं तरी हप्ता तुमच्याच पगारातून कापला जाणार.

एक गोष्ट मनापासून सांगतो. त्या दोन बहिणींना तुमच्या वाटेतला अडसर समजू नका. तुमचं घर पक्कं करण्याची ताकद त्यांच्याच सहीत आहे. त्या आपल्या बापाच्या जमिनीतला स्वतःचा वाटा मागत आहेत, त्यात चूक काही नाही. हे घर घ्यायचंच असेल तर मार्ग असा : भावांनी आणि बहिणींनी दाव्यात तडजोड करून कोर्टाकडून किंवा लोकअदालतीतून तडजोडीचा हुकूमनामा घ्यावा. त्यानंतर बहिणींनी खरेदीखतात नुसत्या ‘संमती देणार’ म्हणून सही न करता ‘लिहून देणार’ म्हणून करावी, आणि त्यांच्या हिश्श्याची रक्कम थेट त्यांच्या खात्यात जावी. हा शेवटचा भाग मी नेहमी धरून बसतो. पैसे भावाच्या हातात गेले आणि बहिणीला मिळाले नाहीत, की सही फसवून घेतली म्हणून नवा दावा लागतो.

आता जागेकडे येऊ. तुमच्या पत्रात त्याबद्दल एवढंच आहे, ‘हिप्परगा तलावाच्या बाजूला’. साइट कधी बघितलीत? उन्हाळ्यात बघितली असेल तर पुन्हा जा. हिप्परग्याचा तलाव, म्हणजे ब्रिटिश काळात बांधलेला एकरुख तलाव, पाऊस कमी झाला की लांबवर आटतो. काठची जमीन उघडी पडते, तिथे गाळपेर होते, आणि नवख्या माणसाला ती साधी रानाची जमीन वाटते. आपल्याकडचा मोठा पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरचा. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं आणि तलावासाठी सरकारने संपादित केलेली हद्द कुठे संपते, हे जलसंपदा विभागाकडून नकाशावर बघून घ्या. मग भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत (हद्दीचा अधिकृत नकाशा) मागा आणि गटाच्या खुणा जागेवर उभं राहून तपासा. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकातला नकाशा इथे कामाचा नाही.

पाणथळ जागांचे 2017 चे केंद्राचे नियम कोणी तुमच्यापुढे धरले, तर एवढं ध्यानात ठेवा की सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत. पण म्हणून काठावर बांधायला मोकळीक मिळते, असा त्याचा अर्थ नाही. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या पूररेषा आहेतच : 25 वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांच्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि दोन रेषांच्या मध्ये बंधनं आहेत. तलावाचा सांडवा, त्याखालची आदिला नदी आणि येऊन मिळणारे ओढे तुमच्या गटाच्या कोणत्या अंगाला आहेत, हे स्वतः फिरून बघा. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर नकाशापेक्षा लवकर कळेल.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात भूसंपादनाचा शेरा आहे का, हेही वाचा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम याच भागात आहे.

परवानगीच्या बाबतीत ‘ग्रामपंचायतीने नोंद करून दिली’ यावर विसंबू नका. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा कर वसुलीसाठी असतो. गावठाणाबाहेर घर बांधायचं तर मंजूर रेखांकन (लेआउट) आणि सक्षम प्राधिकाऱ्याची बांधकाम परवानगी लागते. शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरण्याच्या (अकृषिक) नियमांत अलीकडे बरेच बदल झाले, जमिनीचे लहान तुकडे करण्यावरच्या बंदीतही (तुकडेबंदी) सवलती आल्या, आणि त्याचा हवाला देऊन ‘आता काही लागत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. रेखांकन आणि बांधकामाची मंजुरी मात्र अजूनही लागतेच. शहरात आधीच नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा हद्दीबाहेरच्या 22 घरांना पाणी कोण देणार, हेही लेखी विचारा.

रेराबद्दल, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणाऱ्या कायद्याबद्दल, तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून नोंदणी झालेली नसावी असं धरतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. ‘ग्रामपंचायत हद्दीत रेरा नाही’ हे उत्तर अर्धवट आहे. कायदा नियोजन क्षेत्राची भाषा करतो आणि त्यात प्रादेशिक योजनेचं क्षेत्रही येतं. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. नोंदणी असेल तर चालू दाव्यांची माहिती तिथे दिलेली असायला हवी. नोंदणीकृत करारनामा न करता किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कलम 13 ची मनाई आहे. 38 लाखांचे 10 टक्के म्हणजे 3 लाख 80 हजार. तुमच्याकडून 5 घेतले.

आणि इथेच ते रोख 2 लाख आडवे येतात. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो. तुमची अडचण पुराव्याची आहे. बँकेतून पैसे काढल्याची नोंद, त्या दिवसांतले व्हॉट्सअ‍ॅप निरोप, देताना हजर असलेला माणूस, जे असेल ते आजच गोळा करा. बिल्डरला साधा निरोप पाठवा : ‘आपल्याला दिलेल्या एकूण 5 लाखांपैकी 2 लाखांची पावती राहिली आहे, ती द्यावी.’ उत्तर आलं तर तोच पुरावा. निरोप पुसू नका. यापुढे एक रुपयाही रोख देऊ नका.

इसार जप्त करण्याचं कलम पावतीत असलं, तरी ते इथे सहजासहजी लागू होत नाही. मालकीतला दोष खरेदीदाराला सांगणं ही विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी आहे. तो लपवला म्हणून तुम्ही योग्य कारणाने खरेदीला नकार दिलात, तर दिलेली रक्कम परत मागता येते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विक्रेत्याच्या हिश्श्यावर त्या रकमेचा बोजाही राहतो. प्रकल्प रेरात बसत असेल तर महारेराकडे परताव्याची तक्रार करता येईल. महाराष्ट्राच्या नियमांत व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरावर 2 टक्के आहे. तो मार्ग बंद निघाला तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, दिवाणी कोर्ट आहे.

नोंदणी फीची 30 हजारांची मर्यादा आणि महिलेच्या नावावर घर घेतल्यास मिळणारी 1 टक्का मुद्रांक सवलत बिल्डरने सांगितली असेलच. सवलत फक्त महिलांच्याच नावावरच्या निवासी घराला आहे. यजमानांचं नाव सोबत लावलं तर मिळत नाही. पण हा विचार वरचं सगळं निस्तरल्यावर करायचा.

या आठवड्यात तीन कामं करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर भावांच्या नावाने शोध घेऊन दाव्याचा क्रमांक काढा, आणि वकिलामार्फत दाव्याची व मनाईहुकूम झाला असेल तर त्याची नक्कल घ्या. 2009 नंतरच्या वारस नोंदीचा फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातला 30 वर्षांचा शोध मागवा, म्हणजे हक्कसोडपत्र आहे की नाही ते कळेल. तिसरं काम वकिलाच्या नोटिशीचं. ती बिल्डर आणि तिन्ही भाऊ या चौघांना जायला हवी. ‘आम्ही खरेदीला तयार आहोत, पैशाची सोय आहे, पण बहिणींसह सर्व मालकांनी सह्या कराव्यात, मंजूर रेखांकन आणि परवानगी दाखवावी, नाहीतर 15 दिवसांत 5 लाख व्याजासह परत करावेत’ असा तिचा मजकूर असावा. ‘आम्ही तयार आहोत’ हे शब्द वगळू नका. ते नसतील तर माघार तुम्हीच घेतली असं उद्या म्हणतील. इसार पावतीतली मुदत संपायच्या आत नोटीस चौघांच्या हातात पडली पाहिजे, म्हणून पोस्टाची पोच येण्याइतके दिवस हातात ठेवूनच ती पाठवा.