ओकची वाटी आणि बाळगुटीतलं मायफळ

सोलापूरजवळ होटगी रस्त्याला आमच्या बांधावर सिल्व्हर ओकची रांग आहे. ओक आपल्याकडचाच का?

नाही, आणि मुळात तो ओकच नाही. सिल्व्हर ओक म्हणजे ग्रेव्हिलिया रोबस्टा, मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला गेला. लाकडाची नक्षी ओकसारखी, म्हणून हे नाव. खाली पडलेलं फळ उचलून बघा. होडीसारखं, चोच असलेलं, आत पंखाच्या चपट्या बिया. खऱ्या ओकचं फळ सुपारीएवढं, गुळगुळीत, बुडाशी खवल्यांच्या वाटीत बसलेलं असतं. वाटी नाही, तर ओक नाही.

मसुरीला गाइडने बांज दाखवला. हा ओक सह्याद्रीत का नाही? पुस्तकांत त्याची दोन शास्त्रीय नावं का?

बांज खरा ओक. पाकिस्तानपासून नेपाळपर्यंतच्या हिमालयात, साधारण १,२०० ते २,३०० मीटर उंचीवर तो वाढतो. त्याच्या वर मोरू आणि आणखी वर खरसू, हे त्याचे भाऊबंद. ईशान्य भारतातही ओक आहेत. दख्खन आणि सह्याद्रीत मात्र एकही नैसर्गिक ओक नाही. साडेचारशे मीटरवरच्या, चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हात बांज लावायचा हट्ट धरू नका. बाभूळ, कडुनिंब, हिवर लावा.

नावाचं असं, की बांजला पूर्वी क्वेर्कस इन्काना म्हणत. पण ते नाव एका अमेरिकी ओकला आधीच दिलेलं होतं, आणि एक नाव दोन झाडांना चालत नाही. म्हणून क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा, म्हणजे पांढरी लव धारण करणारा. पान उलटून बोट फिरवलं की पाठीवरची लव लागते.

आमच्या बाळगुटीतलं मायफळ ओकचं फळ आहे, हे खरं का?

ओकचं आहे, पण फळ नाही! मला हा प्रश्न फार आवडला, कारण सोलापूरच्या घराघरांत ओक पोचला तो याच रूपात. तुर्कस्तान, सीरिया, इराणकडे क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाचा झुडपी ओक आहे. बांजपेक्षा तो निराळ्या गटातला. गांधीलमाशीची एक चिमुकली नातलग त्याच्या कोवळ्या फांदीत अंडं घालते. अळीभोवती झाड गाठ वाढवतं, ती गाठ म्हणजे मायफळ. तुरटपणा टॅनिन या द्रव्याचा, म्हणूनच पूर्वी शाईला आणि कातडं कमवायला ते वापरत. बाळाला द्यायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा. पण डब्यातलं एक मायफळ उजेडात धरा. टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं, तर माशी तिथून उडून गेली. भोक नसेल, तर ती आतच राहिली.