विंगेतून : एका हंगामात तीन नाटकं

प्रश्न : ताई, मी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात तीन नाटकांचं स्टेज मॅनेजमेंट माझ्याकडे आलंय. एक वरच्या वर्गाचं, एक आमच्याच वर्गाचं, आणि तिसऱ्यासाठी एका सरांनी 'फक्त धावपळीला कुणीतरी हवं' म्हणून माझं नाव घातलंय. पहिल्याचे प्रयोग चालू असतानाच दुसऱ्याची टेक्निकल (लाइट, साउंड, सेट जुळवायची तालीम) येते. वर लेखी परीक्षा. सगळं लक्षात ठेवता ठेवता जीव जातोय. नाही म्हणावं, तर पुन्हा कुणी विचारणार नाही अशी भीती वाटते. काय करू? *(एक विद्यार्थिनी)*

उत्तर : सगळं लक्षात ठेवायला तुला सांगितलं कुणी? आपल्या कामात लक्षात काही ठेवायचं नसतं, वहीत उतरवायचं असतं. तुला उद्या ताप आला तर तुझी प्रॉम्प्ट बुक, म्हणजे प्रयोगाच्या सगळ्या नोंदी असलेली संहितेची वही, हातात घेऊन दुसऱ्या कुणाला प्रयोग चालवता यायला हवा. येत नसेल, तर त्या नाटकाचं तुझं काम अजून अर्धवट आहे, मग तू कितीही धावत असलीस तरी.

पण आधी तारखा. तिन्ही नाटकं एकाच कागदावर मांड आणि पहिल्या प्रयोगापासून उलटी मोजत ये : रंगीत तालीम, टेक्निकल, सेट लागायचा दिवस, पहिला रनथ्रू (सलग तालीम), संहिता हातातून सुटायची, म्हणजे वाक्यं पाठ असायची, तारीख. एक नाटक वाचनात, दुसरं ब्लॉकिंगमध्ये (नटांच्या हालचाली बसवण्यात) आणि तिसऱ्याचे प्रयोग चालू, हे जमतं. दमायला होतं, पण जमतं. दिवसा एकाची टेक्निकल आणि रात्री दुसऱ्याचा प्रयोग, हेही निभतं. पण प्रयोगाची वही पक्की असेल आणि साहाय्यक तयार असेल तरच. एकाच आठवड्यात दोन टेक्निकल मात्र जमत नाहीत. इतकी वर्षं हेच करत असूनही मी त्याला नाही म्हणते, तूही म्हण. टेक्निकलमध्ये प्रत्येक जण थांबलेला असतो आणि प्रत्येकाला उत्तर तुझ्याकडूनच हवं असतं. तिथे अर्धं डोकं दुसरीकडे ठेवून बसता येत नाही.

आता ते 'फक्त धावपळीला'. या शब्दांत काम सांगितलं जातं तेव्हा ते किती आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सरांना तीन गोष्टी विचार : तालमींना रोज यायचं का, प्रयोगात क्यू (लाइट-साउंड बदलायचे इशारे) कोण देणार, आणि वही कोणाची? वही तुझी असेल तर तू स्टेज मॅनेजर आहेस, मग तारखा जुळायला हव्यात. नसेल तर तू बॅकस्टेजला मदतनीस आहेस, ते काम प्रयोगाच्या दिवसांपुरतं घेता येतं. 'सर, तुमची टेक्निकल आणि आमची एकाच आठवड्यात येतेय, त्यामुळे पूर्ण जबाबदारी घेऊ शकत नाही, प्रयोगाला विंगेत उभी राहीन,' एवढं सांगून मोकळी हो. आधी सांगून नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारतात. हो म्हणून टेक्निकलला न उगवणाऱ्याला विचारत नाहीत.

वहीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझा वेळ तिथेच वाचणार आहे. संहिता एका बाजूला छापून घे, समोरचं पान कोरं ठेव. कोऱ्या पानावर ब्लॉकिंग, संहितेच्या समासात क्यू. सगळं पेन्सिलीने, अगदी रंगीत तालमीपर्यंत. शाईने लिहिणाऱ्याला दिग्दर्शक काय चीज आहे हे अजून कळलेलं नसतं. लाइटच्या क्यूंना आकडे दे आणि साउंडच्या क्यूंना अक्षरं, म्हणजे हेडसेटवर गल्लत होत नाही. २३ आणि २४ च्या मध्ये नवा क्यू आला तर त्याला २३.५ म्हण. पुढचे सगळे आकडे बदलायला बसलीस तर तुझ्या वहीत एक आणि लाइटवाल्याकडे दुसरंच, असा घोळ होतो.

क्यू नेमका कुठे, तेही लिही. 'दार बंद' एवढं पुरत नाही. दाराला हात लागल्यावर, दार मिटताना की कडी लागल्यावर? वाक्यावर असेल तर ज्या शब्दावर आहे त्या शब्दाभोवती गोल कर. साधारण अर्धं पान आधी समासात स्टँडबाय, म्हणजे तयार राहायची सूचना, लिही. म्हणायचं असं : 'लाइट्स २३, साउंड फ, स्टँडबाय.' दोघांनी 'तयार' म्हणायचं. त्यानंतर हेडसेटवर गप्पा बंद. मग 'लाइट्स २३', श्वासभर थांबून 'गो'. 'गो' शेवटी, कारण ऑपरेटरचं बोट त्या शब्दावर हलतं. म्हणूनच तो शब्द हेडसेटवर एरवी उच्चारायचा नाही, गमतीतसुद्धा. 'मी तुला गो म्हणेन तेव्हा कर' एवढ्या वाक्यावर भर दुपारच्या प्रसंगात रात्र झालेली मी पाहिली आहे.

थिएटरात जाण्याआधी दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार आणि संगीत सांभाळणारा यांना एका टेबलाशी बसव आणि वही पानापानाने वाचून काढ. 'इथे लाइट आधी की संगीत?' हा वाद टेबलावर मिटतो. तोच वाद रंगमंचावर झाला की नट तासभर पोझमध्ये उभे राहतात आणि शिव्या तुला पडतात.

मग वहीची परीक्षा. एका रनथ्रूला साहाय्यकाला तुझ्या जागी बसव, तिलाच क्यू देऊ दे. तू मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. जिथे जिथे ती वळून तुझ्याकडे बघेल, तिथे तिथे वहीत काहीतरी लिहायचं राहिलंय. ती पानं त्याच रात्री दुरुस्त कर. परीक्षेच्या आदल्या दिवशीचा प्रयोग तिने चालवला तर त्यात कमीपणा नाही.

आणि झोपेचं. शेवटच्या प्रयोगानंतर सेट उतरवताना ज्यांची झोप झालेली नाही त्यांनी शिडीवर चढायचं नाही. हे सगळ्यांना सांगायचं काम तुझं, आणि तूही त्यात आलीस.

प्रश्न : आमच्या नाटकातले सगळे माझे मित्रच आहेत. मी प्रयोगाआधीची अर्ध्या तासाची हाक दिली की कुणी ओ देत नाही, उलट 'आला मोठा साहेब' म्हणून हसतात. दरडावलं तर मैत्री तुटेल. *(पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी)*

उत्तर : दरडावू नकोस, आणि आर्जवंही करू नकोस. हाकेला उत्तर द्यायची पद्धत पहिल्याच तालमीला ठरवून घे : तू 'अर्धा तास' म्हणालास की समोरच्याने 'अर्धा तास' असंच परत म्हणायचं. हे शिष्टाचारासाठी नाही. ज्याने आकडा परत उच्चारला त्याने ऐकलं, एवढंच आपल्याला हवं असतं. जो बोलला नाही त्याच्यासमोर जाऊन, त्याच सुरात, पुन्हा सांग.

अर्धा तास म्हणजे नक्की किती, हेही बोलून घे. ब्रिटनमध्ये ही हाक पडदा वर जाण्याआधी ३५ मिनिटांना देतात, कारण तिथे नटांनी ५ मिनिटं आधी जागेवर उभं राहायचं असतं आणि सगळ्या हाका तिथपासून मागे मोजतात. अमेरिकेत पडद्यापासूनच ३० मिनिटं धरतात. तुमच्यात कुठलीही चालेल, सगळ्यांच्या डोक्यात एकच असली म्हणजे झालं.

शिवाय दाराशी हजेरीचा कागद लाव. ज्याची त्याने सही करायची, मित्राची नाही. हाकेच्या वेळी कागदावर जे नाव कोरं असेल त्याला फोन. त्यात राग नाही, लोभ नाही. उशीर झालेल्याशी बोलायचं ते एकट्याला गाठून, प्रयोग संपल्यावर. प्रयोगाआधी कुणाला झापलंस तर ते झापणं तो रंगमंचावर घेऊन जातो.

प्रश्न : तालमीत नट थांबला की तो वाक्य विसरलाय की अभिनयाची जागा घेतोय, म्हणजे मुद्दाम थांबलाय, हे मला कळत नाही. प्रॉम्प्ट दिला की ओरडतात, नाही दिला तरी ओरडतात! *(एक प्रॉम्प्टर)*

उत्तर : मग त्यांनाच मागायला लाव. संहिता सुटली त्या दिवसापासून नियम एकच : विसरला की भूमिकेतून न बाहेर पडता 'वाक्य' म्हणायचं. तू लगेच पहिले तीन-चार शब्द द्यायचे, स्पष्ट आणि सपाट. त्यात भाव घालू नकोस, ते त्याचं काम. मागितलं नाही, तर द्यायचं नाही. घेतलेल्या जागा संहितेत आडव्या रेघेने खूण करून ठेव, म्हणजे चार तालमींनंतर कोणतं थांबणं ठरलेलं आणि कोणतं नवं, हे पानावरच दिसतं. आणि तालमीत डोकं वहीतून वर काढायचं नाही, प्रसंग कितीही रंगलेला असो.